व्हॉलीबॉलची सर्व्हिस : हात, हवा आणि अभ्यास

तंजावरचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम आठवते ते सरस्वती महाल ग्रंथालय. त्यामागोमाग भोसल्यांचा राजवाडा, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख. परंतु या जिल्ह्याचे आणखी एक रूप आहे आणि ते संध्याकाळी पाहावयास मिळते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सांबा भाताची कापणी पोंगलच्या सुमारास होते. त्यानंतर शेतांतील पाणी आटते, गाळाची जमीन उन्हाने टणक होते, आणि गावाकडेच्या एखाद्या मोकळ्या तुकड्यावर दोन खांब रोवून जाळी ताणली जाते. तमिळ भाषेत या खेळाला ‘कैपंदु’ म्हणतात. ‘कै’ म्हणजे हात व ‘पंदु’ म्हणजे चेंडू. जगाच्या दृष्टीने हाच खेळ व्हॉलीबॉल होय.

जाळीपासून नऊ मीटर अंतरावर, मागच्या रेषेबाहेर, एक मुलगा चेंडू घेऊन उभा राहतो. तो सर्व शक्तीनिशी चेंडू मारतो. चेंडू जाळीत अडकतो. पुन्हा पाळी येते तेव्हा चेंडू जाळी ओलांडतो खरा, पण पलीकडच्या रेषेबाहेर बांधावर जाऊन पडतो. सवंगडी काही बोलत नाहीत. परंतु पाच जणांनी फिरवलेल्या माना त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. तिसऱ्या वेळी तो भिऊन चेंडू नुसता पलीकडे पोचवितो, आणि प्रतिपक्ष त्याच चेंडूची उत्तम मांडणी करून त्याच्याच पायांपाशी तडाखा हाणतो. धीटपणाने गुण गेले आणि भीतीनेही गेला. आता त्याने करावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर थोडे गणितात आहे, थोडे हवेच्या गुणधर्मांत आहे, आणि उरलेले सारे अभ्यासात आहे.

खेळाचा आणि सर्व्हिसचा पूर्वेतिहास

हा खेळ १८९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात होल्योक गावी जन्मास आला. तेथील वाय. एम. सी. ए. संस्थेचे व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांना प्रौढ माणसांकरिता बास्केटबॉलहून सौम्य असा खेळ हवा होता. त्यांनी त्यास ‘मिंटोनेट’ असे नाव दिले होते. पुढच्याच वर्षी ते बदलून व्हॉलीबॉल झाले. हिंदुस्थानातही हा खेळ वाय. एम. सी. ए.च्या द्वारेच रुजला. एच. सी. बक यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले, आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा खेळ दक्षिणेतील शाळाशाळांतून नेला. १९५१ साली भारतीय व्हॉलीबॉल महासंघाची स्थापना झाली. भारताच्या पुरुष संघाने आशियाई क्रीडास्पर्धांत १९५८ साली टोकियो येथे कांस्यपदक, १९६२ साली जाकार्ता येथे रौप्यपदक आणि १९८६ साली सोल येथे पुन्हा कांस्यपदक मिळविले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा व्हॉलीबॉलमधील पहिला मान ए. पळनिसामी यांस लाभला. १९८२ साली तमिळनाडूच्या जी. ई. श्रीधरन यांस तोच पुरस्कार मिळाला.

मॉर्गन यांच्या कल्पनेत सर्व्हिस म्हणजे केवळ खेळाचा आरंभ होता. आजच्या खेळात ती पहिली चढाई आहे. तिचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. व्हॉलीबॉलमधील इतर प्रत्येक क्रिया दुसऱ्याने दिलेल्या चेंडूवर करावी लागते. सर्व्हिसमध्ये मात्र चेंडू खेळाडूच्या स्वतःच्या हातात असतो. तो किती उंच सोडावा, कोठे उभे राहावे, केव्हा मारावे, हे सर्व त्यानेच ठरवावयाचे असते. पंचांची शिट्टी झाल्यावर त्यास आठ सेकंद मिळतात. त्या आठ सेकंदांत त्याला कोणी अडवू शकत नाही, आणि चूक झाल्यास दोष देण्यास दुसरा कोणी नसतो.

नियमाचा बदल आणि धोक्याचा हिशेब

पूर्वी ज्या संघाची सर्व्हिस असे त्यालाच गुण मिळत असे. सर्व्हिस चुकली तर ती प्रतिपक्षाकडे जाई, पण गुण जात नसे. १९९८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने हा नियम बदलला. तेव्हापासून प्रत्येक चेंडूवर कोणास तरी गुण मिळतो. याचा अर्थ असा की, जाळीत मारलेली सर्व्हिस म्हणजे प्रतिपक्षास दिलेला गुण होय. मग सर्व्हिस जपूनच करावी काय? याचा विचार एका कल्पित उदाहरणाने करता येईल.

एका खेळाडूने शंभर सर्व्हिस अतिशय सावधपणे केल्या असे समजू. त्यांपैकी चार चुकल्या व ९६ पलीकडे पोचल्या. परंतु सोप्या सर्व्हिसवर प्रतिपक्षाचा डाव उत्तम जमतो. म्हणून पोचलेल्यांपैकी चौथाई चेंडूंवरच त्याच्या संघास गुण मिळाला. एकूण गुण झाले २४. दुसऱ्याने जरा धीटपणे सर्व्हिस केल्या. दहा चुकल्या, ९० पोचल्या, आणि त्या कठीण असल्यामुळे एकतृतीयांश चेंडूंवर गुण मिळाले. एकूण ३०. तिसऱ्याने बेफाम मारा केला. चाळीस चुकल्या, साठ पोचल्या, आणि त्यांपैकी शेकडा चाळीस चेंडूंवर गुण मिळाले. त्याचेही एकूण २४ च! भित्रा आणि बेफाम हे दोघे अखेर एकाच ठिकाणी येऊन पोचले.

हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक संघाचे आकडे निराळे असतील. परंतु त्यांतून निघणारा धडा खरा आहे. एकही सर्व्हिस न चुकणे हे ध्येय नव्हे, आणि सर्वांत जोरकस सर्व्हिस हेही ध्येय नव्हे. आपल्या हाताची खरी मर्यादा ओळखून तिच्या किंचित आत राहणे, हे ध्येय होय. यासाठी आपण शंभरात किती चुकतो हे खेळाडूस ठाऊक असले पाहिजे. आणि ते ठाऊक होण्यास एक वही व पेन्सिल पुरेशी आहे.

तीन अंशांचा झरोका

आता चेंडूच्या मार्गाकडे वळू. क्रीडांगण १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. पुरुषांसाठी जाळीची उंची २.४३ मीटर आणि स्त्रियांसाठी २.२४ मीटर असते. चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर, आणि वजन २६० ते २८० ग्रॅम.

एखाद्या मुलाने मागच्या रेषेवरून, जमिनीपासून २.३ मीटर उंचीवर, सेकंदास १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने चेंडू मारला असे समजा. हवेचा रोध क्षणभर बाजूस ठेवून हिशेब केला तर असे दिसते : चेंडू क्षितिजाशी १२ अंशांचा कोन करून निघाला तर जाळीपर्यंत पोचताना त्याची उंची सुमारे २.३७ मीटर असते, म्हणजे तो जाळीत जातो. कोन १५ अंशांचा असेल तर तो जाळीवरून सुमारे ४० सेंटिमीटर उंच जातो आणि १७.२ मीटरवर, रेषेच्या आत, पडतो. कोन १८ अंशांचा झाला की तो १८.६ मीटरवर, म्हणजे बाहेर पडतो. जाळी आणि मागची रेषा यांच्यामधील झरोका हा असा जेमतेम तीन अंशांचा आहे. त्या शेतातील मुलाचा पहिला चेंडू जाळीत आणि दुसरा बांधावर का गेला, याचे उत्तर येथेच मिळते. त्याच्या दोन फटक्यांत जमीनअस्मानाचे अंतर नव्हते. काही अंशांचेच होते.

डाव्या-उजव्या दिशेसही हाच न्याय लागू आहे. हाताची दिशा एक अंशाने चुकली तर १८ मीटरवर चेंडू ३१ सेंटिमीटर बाजूस जातो. या दिशेने मात्र मैदान नऊ मीटर रुंद असल्यामुळे चूक सहज पोटात घेतली जाते. म्हणून नवशिक्याची बहुतेक चूक उभ्या दिशेची असते, आडव्या दिशेची नसते.

वेग वाढविला तर काय होते? उभ्याने सेकंदास २० मीटर वेगाने मारलेला चेंडू, जाळी ओलांडेल अशा कोणत्याही कोनात मारला तरी, याच हिशेबाने बाहेरच पडतो. झरोका संपूर्ण बंद होतो. तो पुन्हा उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग अधिक उंचीवरून मारण्याचा. उडी घेऊन ३.२ मीटर उंचीवरून त्याच वेगाने मारलेला चेंडू रेषेच्या काठावर का होईना, आत पडू शकतो. शिवाय उडी रेषेच्या मागून घेतली म्हणजे नियम पाळला जातो. चेंडू मारून खेळाडू रेषेच्या आत उतरला तरी चालते. त्यामुळे जाळीही जवळ येते. दुसरा मार्ग म्हणजे हवेची मदत घेण्याचा. उत्तम खेळाडू हे दोन्ही मार्ग एकत्र वापरतात, आणि म्हणूनच त्यांची उडीची सर्व्हिस ताशी शंभर किलोमीटरहूनही अधिक वेगाने जाऊन मैदानातच पडते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या संघाने अशा सर्व्हिसचा जो धडाका लावला, त्यामुळे ती जगभर लोकप्रिय झाली.

फिरणारा चेंडू

फिरणारा चेंडू हवेत वळतो, हे निरीक्षण जुने आहे. न्यूटनने १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक पत्रात टेनिसच्या चेंडूच्या वळणाचा दाखला दिला होता. बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ साली बंदुकीच्या गोळीच्या बाबतीत तीच गोष्ट दाखविली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे प्रयोग केले, आणि आज हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो.

याचे कारण असे. चेंडूच्या पृष्ठभागास हवेचा एक अत्यंत पातळ थर चिकटून असतो. चेंडूच्या मागील बाजूस हा थर पृष्ठभाग सोडून देतो, आणि तेथे भोवऱ्यांनी भरलेली एक शेपटी तयार होते. चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिली म्हणजे त्याचा माथा समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध जातो, तर तळ हवेबरोबर जातो. त्यामुळे माथ्यावरील थर लवकर सुटतो व तळाकडील थर उशिरा सुटतो. परिणामी चेंडूमागील हवा वरच्या बाजूस ढकलली जाते, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडू खाली रेटला जातो. गुरुत्वाकर्षणास असा दुसरा हात मिळाला की बंद झालेला झरोका पुन्हा उघडतो. फिरकी देण्यासाठी तळवा चेंडूच्या मागील बाजूस लागून वरून पुढे ओढला जातो आणि मनगट शेवटी वळते.

न फिरणारा चेंडू

याहून नवलाची गोष्ट म्हणजे, अजिबात न फिरणारा चेंडू फिरणाऱ्या चेंडूपेक्षा घेणाऱ्यास अधिक फसवितो. फ्लोटिंग सर्व्हिस म्हणतात ती हीच. असा चेंडू हवेत डुलतो, मध्येच बाजूस सरकतो, आणि अखेरीस थबकून पडल्यासारखा खाली येतो.

याचे मर्म समजण्यास विसाव्या शतकातील दोन शोध उपयोगी पडतात. १९०४ साली लुडविग प्रांट्ल याने पृष्ठभागाला चिकटणाऱ्या वर सांगितलेल्या थराची कल्पना मांडली. १९१२ साली पॅरिसच्या मनोऱ्याचा निर्माता गुस्ताव्ह आयफेल याने वातबोगद्यात गोलांवर प्रयोग केले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट आढळली. वेग वाढत गेला की हवेचा रोधही वाढत जातो, हे अपेक्षितच होते. परंतु एका विशिष्ट वेगाच्या टापूत तो एकदम घटला. कारण असे की, त्या वेगास चेंडूवरील थर शांत न राहता खळबळू लागतो. खळबळता थर पृष्ठभागास अधिक काळ चिकटून राहतो, त्यामुळे मागील शेपटी अरुंद होते आणि रोध कमी होतो.

साधारण फ्लोटिंग सर्व्हिसचा वेग सेकंदास १५ मीटरच्या आसपास असतो, आणि व्हॉलीबॉलच्या चेंडूच्या बाबतीत हा संक्रमणाचा टापू त्याच्याच शेजारी आहे. म्हणून चेंडूच्या एका बाजूस शिवण आल्यामुळे थर खळबळलेला, तर दुसऱ्या बाजूस तो अजून शांत, अशी स्थिती होऊ शकते. मग शेपटी एका अंगास झुकते आणि चेंडू दुसऱ्या अंगास ढकलला जातो. किंचित फिरताना शिवणीची जागा बदलली की धक्क्याची दिशाही बदलते. वाटेत वेग घटून चेंडू तो टापू ओलांडून खाली आला म्हणजे रोध एकाएकी वाढतो, आणि चेंडू थबकून पडल्याचा भास होतो. चेंडू भराभर फिरत असेल तर हे बाजूचे धक्के एकमेकांस छेद देतात. फिरत नसेल तरच ते साचतात. चेंडूच्या बांधणीसही यात महत्त्व आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत खळग्यांच्या पृष्ठभागाचा आठ तुकड्यांचा चेंडू आला. २०१९ पासून त्याची जागा अठरा तुकड्यांच्या नव्या चेंडूने घेतली. चेंडू बदलला की खेळाडूंना हात पुन्हा बसवावा लागतो, तो याच कारणास्तव.

तंजावरसारख्या सपाट प्रदेशात, उघड्या मैदानावर वारा हा तर आणखी एक खेळाडूच होय. चेंडूच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो जमिनीशी मोजलेला वेग नव्हे, तर हवेशी मोजलेला वेग. समोरून सेकंदास ४ मीटर वेगाने वारा येत असेल तर १५ मीटरच्या सर्व्हिसला हवा १९ मीटर वेगाने भेटते. रोध वाढतो, डुलणेही वाढू शकते, आणि चेंडू आखूड पडतो. पाठीमागून वारा असेल तर तोच फटका रेषेबाहेर जातो. म्हणून बाजू बदलली की फटक्याचा कोनही बदलला पाहिजे. उकाड्याचा परिणाम यामानाने लहान आहे : ३५ अंश सेल्सिअस तपमानाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा शेकडा सहा-सात इतकीच विरळ असते.

हाताचे काम

फ्लोटिंग सर्व्हिसची कृती थोडक्यात अशी. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा पाय पुढे ठेवून जाळीकडे तोंड करून उभे राहावे. चेंडू डाव्या हातात, मारणाऱ्या खांद्याच्या समोर धरावा. उजवे कोपर खांद्याइतके उंच, मागे. चेंडू न फिरविता, अर्ध्या मीटरहून फारसा उंच न सोडता, वर उचलावा. मागच्या पायावरील भार पुढच्या पायावर आणीत, तळव्याच्या मनगटाजवळील टणक भागाने चेंडूच्या मध्यावर आघात करावा. मनगट ताठ असावे, आणि आघातानंतर हात फार पुढे न नेता आवरावा.

यांतील प्रत्येक सूचनेस कारण आहे. बल चेंडूच्या मध्यातून गेले तर तो फिरत नाही. बाजूने गेले तर फिरतो. तळवा आणि चेंडू यांचा स्पर्श केवळ एक शतांश सेकंद टिकतो असे धरले, तर २७० ग्रॅमच्या चेंडूस सेकंदास १५ मीटर वेग देण्यासाठी सरासरी बल सुमारे ४० किलोग्रॅम वजनाइतके लागते. इतके बल सैल मनगट पेलू शकत नाही. ते वाकते आणि कोन बिघडतो. हे बल केवळ दंडातून येत नाही. पाय, कंबर, धड, खांदा व हात अशा क्रमाने ते चढत येते. जो मुलगा फक्त हाताने मारतो तो लवकर थकतो, आणि त्याचा खांदा लवकर दुखावतो.

परंतु नवशिक्याच्या बहुतेक चुकांचे मूळ आघातात नसून चेंडू सोडण्यात असते. चेंडू डोक्यामागे गेला तर फटका वर जातो. फार पुढे गेला तर खाली जातो. बाजूस गेला तर धड वाकते. अनुभवी शिक्षक म्हणूनच प्रथम मारावयास लावीत नाहीत. ते चेंडू केवळ वर सोडून तसाच जमिनीवर पडू द्यावयास सांगतात. पुढच्या पायाच्या किंचित पुढे, मारणाऱ्या खांद्याच्या रेषेत तो पुनःपुन्हा पडू लागला म्हणजे अर्धे काम झाले. त्याला पैसा लागत नाही, जाळी लागत नाही. एक चेंडू आणि हातभर जमीन पुरते.

अभ्यास कसा करावा

अभ्यासाचा पहिला टप्पा जाळीजवळ सुरू व्हावा. लहान मुलांनी प्रथम खालून हात आणून मारावयाची अंडरआर्म सर्व्हिस शिकावी. मग जाळीपासून चार-पाच मीटरवरून वरच्या हाताची सर्व्हिस. आणि दहापैकी आठ चेंडू सुखाने पलीकडे जाऊ लागले की एकेक पाऊल मागे सरावे. पहिल्याच दिवशी नऊ मीटरवरून मारावयास लावले म्हणजे मूल अंतर काटण्यासाठी सारे अंग झोकून देते, आणि ती वाकडी सवय पुढे जाता जात नाही.

दुसरा टप्पा एकाच फटक्याची उजळणी करण्याचा नव्हे, तर त्यात फरक करण्याचा आहे. येथे दोन संशोधने उद्बोधक आहेत. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२०च्या दशकात मॉस्को येथे छिन्नीवर घण घालणाऱ्या कसबी कारागिरांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. घण दर वेळी नेमक्या जागी बसत होता. परंतु खांदा, कोपर व मनगट यांचे मार्ग दर वेळी थोडे निराळे होते. कौशल्य म्हणजे एकच हालचाल जशीच्या तशी पुन्हा करणे नव्हे, तर तीच समस्या पुनःपुन्हा सोडविणे होय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे १९७९ साली अमेरिकेत शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या तीन हालचाली दोन गटांस शिकविल्या. एका गटाने एकेक हालचाल सलग गिरविली. दुसऱ्याने तिन्ही मिसळून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. परंतु दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्या गटाच्या हालचाली अधिक पक्क्या राहिलेल्या आढळल्या.

याचा मैदानावरील अर्थ सोपा आहे. कृती एकदा समजली की पन्नास सर्व्हिस एकाच कोपऱ्यात मारू नयेत. पलीकडच्या अंगणात सहा भाग आखावेत, सोबत्याने दर वेळी वेगळा आकडा पुकारावा, आणि तेथे मारावे. चुका वाढतील, मन खट्टू होईल. परंतु सामन्यात कोणी पन्नास वेळा एकाच जागी मारावयास सांगत नाही. मनाचे लक्षही योग्य जागी हवे. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, ज्यांचे लक्ष स्वतःच्या हातापायांवर होते त्यांच्यापेक्षा, हालचालीच्या परिणामावर लक्ष ठेवणारे अधिक चांगले शिकले. ‘कोपर कसे आहे’ याऐवजी ‘चेंडू जाळीवरून कोठून जावा’ हे मनात धरावे.

तिसरी गोष्ट आठ सेकंदांची. चेंडू दोनदा जमिनीवर टप्पा पाडणे, एक दीर्घ श्वास, जागेकडे एक दृष्टिक्षेप, आणि मग फटका, असा ठरलेला क्रम प्रत्येक खेळाडूने बांधावा. गुणफलक काहीही दाखवीत असो, क्रम बदलू नये. २४-२४ गुणांवरची सर्व्हिस आणि रिकाम्या शेतातील सर्व्हिस या दोहोंत शरीराला फरक जाणवू न देणे, हाच या क्रमाचा हेतू आहे.

चौथी गोष्ट विश्रांतीची. खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा, आणि म्हणूनच सर्वांत नाजूक सांधा आहे. वरच्या हाताची सर्व्हिस व तडाखे वर्षानुवर्षे मारणाऱ्या काही खेळाडूंच्या खांद्यामागील मज्जातंतूवर ताण येऊन तेथील स्नायू रोडावतो, असे वैद्यांस आढळले आहे. आणि पुष्कळदा त्यात वेदनाही नसते. वाढत्या वयाच्या मुलांनी अंग तापविल्यावाचून जोराची सर्व्हिस करू नये, शेकडो फटके एका दमात मारू नयेत, आणि खांदा दुखू लागला किंवा हातातील जोर कमी वाटू लागला तर त्या दिवशी थांबून वैद्यास दाखवावे. एका सामन्यासाठी खांदा गमावणे हा शहाणा व्यवहार नव्हे.

पुन्हा त्या शेतात

या खेळाकडे ग्रामीण भाग एवढा का ओढला जातो, हे उघड आहे. बारा खेळाडूंना एक चेंडू पुरतो. गवत लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. ज्या गावात मोठे क्रीडागृह नाही तेथील मुलालाही सर्व्हिस शिकण्यास कशाची अडचण नसते. किंबहुना सोबती नसतानाही शिकता येईल असे व्हॉलीबॉलमधील हे मुख्य कौशल्य आहे. खेळातील नैपुण्यावर महाविद्यालयात प्रवेश वा नोकरी मिळण्याची आशा अनेक घरांना असते, आणि निवडीच्या दिवशी परीक्षकांस प्रथम दिसते ती उमेदवाराची सर्व्हिस.

बारा जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडण्याची जुनी प्रथा आहे. ज्या वर्षी पाऊस साथ देतो त्या वर्षी कावेरीचे पाणी कल्लणै बंधाऱ्यावरून कालव्यांत शिरते, शेते पुन्हा भिजतात, आणि खांब उपटून ठेवावे लागतात. म्हणजे कापणीपासून पाण्यापर्यंत तीन-चार महिने हातात राहतात. रोज पन्नास सर्व्हिस, आठवड्यातून सहा दिवस, या हिशेबाने तेवढ्या काळात चार हजारांहून अधिक फटके होतात. प्रत्येक संध्याकाळी किती चुकले हे वहीत लिहिले, तर तो उतरता आकडा स्वतःच शिक्षकाचे काम करतो.

अंधार पडू लागला की खेळ मोडतो. इतर मुले सायकली घेऊन निघतात. तो एकटा मुलगा मागच्या रेषेपाशी थांबून चेंडू वर सोडतो आणि खाली पडू देतो. पुन्हा सोडतो, पुन्हा पडू देतो. पुढच्या पायापाशी मऊ धुळीत एक लहानसा खळगा पडलेला असतो. चेंडू पुष्कळ वेळा त्याच खळग्यात पडू लागला, एवढे त्यास दिसले म्हणजे त्या दिवसाचा अभ्यास व्यर्थ गेला नाही.